बिनखोक्याचा कूलर

२०१६ च्या मे महिन्यात माझा कॉम्प्युटर एक्याण्णव अंशांवर बंद पडत होता. बंद पडताना आवाज नाही, धूर नाही. पडदा काळा, पंखे थांबलेले आणि मी खुर्चीत बसलेली. पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. चौथ्यांदा पडला तेव्हा उठून चहा ठेवला.

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग हे माझं काम. फोटोग्राफर पाच-सहा तासांचं शूटिंग आणून देतो, मी त्यातून अडीच तासांची फिल्म काढते. कापणं, जोडणं, गाणी बसवणं हे माझ्या हाताचं. ते झालं की सगळं एकजीव करून एक फाइल काढायची, ते मशीनचं. त्याला रेंडर म्हणतात. रेंडर चालू असताना प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, सगळा जोर लावतं आणि तापतं. माझं जास्त तापायचं, कारण मी ते ओव्हरक्लॉक केलेलं होतं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा वरच्या वेगाने पळवत होते. नवा प्रोसेसर घ्यायचा तर त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि रॅमही नवी घ्यावी लागली असती. त्यापेक्षा आहे तोच बैल जरा जोरात हाकला. चौदा तासांचं रेंडर अकरा तासांत व्हायला लागलं. या तीन तासांवर माझं सगळं अडलेलं होतं.

आमच्या वस्तीत संध्याकाळी सहा-साडेसहाला घरोघर दिवे, टीव्ही, पंखे लागले की व्होल्टेज पडायचं, ते सकाळीच सावरायचं. यूपीएस दहा मिनिटं टिकायचा. रेंडर मध्येच तुटलं की पहिल्यापासून. म्हणजे सकाळी सातला लावलेलं काम सहाच्या आत संपायला हवं. अकरा तास. मशीनच्या स्वतःच्या वेगाने ते कधीच बसलं नसतं, आणि वाढवलेल्या वेगाने ते दोन तासही टिकत नव्हतं.

ज्या खोलीत मी हे करायचे ती डहाणूच्या किनाऱ्यावर, आमच्या घराच्या पुढच्या अंगाला होती. वर पत्रे. खिडकी समुद्राकडे. घर भावाचं. आधी वडिलांचं होतं. वडील गेले त्या वर्षी भाऊ म्हणाला, बोटीच्या कागदपत्रांसाठी घर एका नावावर पाहिजे, तू हक्कसोड दे. आई म्हणाली, "दे बाय. खोली तुझीच राहील." भाऊही म्हणाला, "तुझीच." मी डहाणूच्या निबंधक कचेरीत जाऊन सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. कागद वाचला नाही. फोटोग्राफरचं साधं बिल मी तीनदा वाचते. तो कागद वाचला नाही.

दोन वर्षांनी, होळीनंतर, भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "बाय, दिवाळीला मला खोली लागेल. जाळी ठेवायला जागा नाय. घरात वहिनीला पण अडचण होते."

"खोली माझी म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

इतकंच. तो नाकबूल झाला असता तर मी भांडले असते. भांडण हा माझा धंद्याचा भाग आहे, मला त्याचं काही वाटत नाही. पण तो कबूल करून उभा राहिला. त्या दिवसापासून माझ्या आत काहीतरी बधिर झालं ते झालंच. बाहेरून मी तशीच होते. भाजीवाल्याला शिव्या घालत होते, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. आतून हलत काही नव्हतं.

दिवाळीच्या आत दुसरी जागा पाहिजे, तर डहाणू रोडला स्टेशनजवळ एखादा गाळा भाड्याने घ्यायला पाहिजे. गाळा परवडायला वर्षभराचं ठरलेलं काम पाहिजे. ते काम तलासरीच्या एका फोटोग्राफरकडे होतं. पन्नाशीचा माणूस, तलासरीपासून झरीपर्यंत निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यात. त्याचा उंबरगावचा मिक्सिंगवाला धंदा बंद करून सुरतेला गेला होता. तो माझ्याकडे आला, खोलीत चौफेर नजर फिरवली आणि म्हणाला, "ताई, तुमचं मशीन उभ्या उभ्या झोपतं असं ऐकलं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. नाव कशाला घेऊ, तुम्ही त्याच्या घरी जाल."

त्याने झरीचं एक लग्न दिलं. मंगळवारी शूटिंग हातात, रविवारी दुपारी झरीला डीव्हीडी हजर. नवरा मुलगा सरीगामला कंपनीत होता, सोमवारी परत कामावर जाणार. त्याआधी मांडवातच टीव्ही लावून दोन्हीकडच्या लोकांना फिल्म दाखवायची असं ठरलेलं. "ही वेळेत दिलीत तर सगळा सीझन तुमचा, आणि पुढचाही," तो म्हणाला. "नाही दिलीत तर ताई, मला तोंड लपवून फिरायला लागेल. मग मी दुसरा बघीन."

मी रात्रीची झोप तेवढी घेऊन दीड दिवसात कापाकापी संपवली. बुधवारी दुपारी रेंडर लावून पाहिलं. चाळीस मिनिटांत काळा पडदा. वेग कमी करून पाहिला, तरी दीड तासात तेच. कॅबिनेट उघडून बघितलं. प्रोसेसरवर कंपनीचा छोटा कूलर होता, ॲल्युमिनिअमच्या पात्यांचा, वर पंखा. पात्यांवर पांढरी भुकटी जमली होती. मीठ. समुद्राकडून येणारा वारा फुकट मिळतो म्हणून मी तीन वर्षं कॅबिनेटचं एक दार काढून ते खिडकीपाशी ठेवलं होतं. तोच वारा पाती खाऊन बसला होता. पंखाही अडखळत होता.

आई दारात बसून बोंबील निवडत होती. शेजारची एक बाई म्हणाली, "बर्फाचा डबा ठेव ना त्याच्यापुढे. घरात बर्फाला काय तोटा?"

आई मान वर न करता म्हणाली, "बर्फ ठेवशील तर पाणी धरेल. मासळी ओली चालते. यंत्र ओलं चालत नाय."

तिने कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. पण थंड ठेवणं म्हणजे काय हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी वापीला गेले. मुंबईपेक्षा वापी जवळ, आणि तिथला दुकानदार घासाघीस करायला तयार असतो. निघताना केरसुणीतली एक हीर काढली, कॅबिनेटच्या आत मदरबोर्डपासून दारापर्यंत धरून मोडली आणि पर्समध्ये घातली. उंच कूलर घेतला आणि दार लागलं नाही, असं व्हायला नको होतं.

दुकानदार माझ्याच वयाचा होता. तो गुजरातीत बोलत होता, मी मराठीत, आणि आवाज चढले की दोघंही हिंदीत जात होतो. त्याने काउंटरवर दोन वस्तू मांडल्या. एक पाण्याचा कूलर. प्रोसेसरवर बसणारा छोटा पंप, दोन नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला मोटारसायकलच्या रेडिएटरसारखी जाळी, तिला पंखा. आतलं पाणी कंपनीने भरून बंद केलेलं. दुसरा हवेचा. तांब्याच्या चार नळ्या, त्यांवर ओवलेल्या पातळ पात्यांचा टॉवर, वीतभर उंच, बाजूला मोठा पंखा.

"बेन, पाणीवालो लई जाव. ओव्हरक्लॉक छे ने? तो पाणीच."

"किती थंड ठेवतो?"

"एकदम थंड."

"आणि मेला तर?"

"मतलब?"

"पंप बंद पडला तर?"

"गॅरंटी छे, बेन. मुंबई मोकलवानो. महिना मां नवो आवी जाय."

मुंबईला पाठवायचा आणि एक महिना वाट बघायची. मी टॉवरकडे बोट दाखवलं. "याचा पंखा मेला तर?"

तो हसला. "ए तो कोई बी पंखो लगावी दो."

माझे वडील बोटीचं इंजिन घ्यायला गेले तेव्हा मी सोबत होते, दहा-अकरा वर्षांची. विकणारा सांगत होता, हे किती पळतं, ते किती पळतं. वडिलांनी एकच विचारलं होतं, बंद पडलं तर सामान डहाणूत मिळतं का? सामान डहाणूत मिळणारं, कमी पळणारं इंजिन ते घेऊन आले. बारा वर्षं चाललं. पाण्याचा कूलर जास्त थंड ठेवतो हे खरं असेल. पण त्यात मरण्यासारख्या गोष्टी जास्त होत्या. पंप, नळ्या, सांधे. रेडिएटरची जाळीही ॲल्युमिनिअमचीच, ती आमच्या वाऱ्याने खाल्लीच असती. पंप थांबला तर बाहेरून कळतसुद्धा नाही. टॉवरचा पंखा मात्र डहाणू रोडला कुठल्याही दुकानात मिळतो, आणि बंद पडला तर डोळ्यांना दिसतो.

मी हीर काढून टॉवरच्या बाजूला उभी धरली. हीर बोटभर जास्त होती. बसत होता.

"आ शुं छे, बेन? झाडू?"

"मोजमाप. भाव बोल."

तो बोलला. मी निम्मा बोलले. त्याने छातीवर हात ठेवला. मी पर्स खांद्याला अडकवून दारापर्यंत गेले, त्याने बोलावलं, मी परत आले. असं दोनदा. मी आवाज चढवला, गॅरंटीच्या नावाखाली तुम्ही काय काय विकता ते बाजूच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं बोलले. माझा चेहरा तापलेला असणार. पण मला आठवतं, बोलता बोलता मी त्याच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचत होते आणि शनिवार किती दूर आहे ते मोजत होते. राग तोंडातून बाहेर पडत होता, जसा नळ सोडला की पाणी पडतं.

शेवटी अडलं ते थोडक्यावर. टॉवर दाखवायला बाहेर काढून ठेवलेला होता, त्याचं खोकं फाटकं, खालच्या फळीवर पडलेलं.

मी म्हणाले, "खोकं नको मला. खोक्याशिवाय काय भाव?"

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "खोकुं नथी जोइतुं? पाकुं?" म्हणजे नक्की नको ना.

"खोक्यात काय पाणी भरू? ठेव तुला."

लहानपणी आईबरोबर मी कैनाडला मासळी घेऊन जायचे. आईला भाव करता यायचा नाही. कोणी दोन शब्द गोड बोललं की मापाच्या वर मूठ टाकायची. म्हणून मी शिकले. आणि पहिलं शिकले ते हे, की टोपलीचं वजन वजा करायचं. बर्फाचं वजन वजा करायचं. देणारा मासळीच्या नावावर टोपली विकतो, घेणारा टोपलीचे पैसे देतो, आणि घरी टोपली कोणी खात नाही. माझ्या लेखी खोकं म्हणजे टोपली. त्याने भाव उतरवला, टॉवर वर्तमानपत्रात गुंडाळला, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या पेस्टची छोटी नळी वर फुकट दिली. मी गाडीत बसले तेव्हा जिंकले होते.

संध्याकाळी घरी आले, जुना कूलर काढला, प्रोसेसर पुसला, पेस्टचा तांदळाएवढा थेंब ठेवला आणि टॉवर वर बसवायला घेतला. बसला. सोडला की डुलायला लागला. त्याला बोर्डवर दाबून धरणारी एक लोखंडी पट्टी असते, दोन बाजूंना आकडे असलेली, आणि चार स्क्रू. ते सगळं एका पिशवीत असतं. पिशवी खोक्यात असते.

मी फोन लावला. त्याने दुसऱ्या घंटेला उचलला, माझी वाटच बघत असल्यासारखा.

"हा बेन, ए तो बॉक्स मां हतुं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"में पूछ्युं हतुं, बेन. पाकुं पूछ्युं हतुं."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, कुरिअरने पाठवतो, सोमवारी मिळेल. पैसे नको. मी फोन ठेवला. शुक्रवारी लाइनच्या दुरुस्तीसाठी आमच्याकडे दिवसभर वीज बंद असायची, म्हणजे वापीची दुसरी फेरी शुक्रवारी जमली असती. पण दुकान त्याच्या घरच्या लग्नासाठी दोन दिवस बंद राहणार होतं. पट्टी दुसरीकडे सुटी मिळत नाही हे मला माहीत होतं. डहाणू रोडला शुक्रवारी सकाळी चार दुकानं फिरले, तेव्हा पुन्हा माहीत झालं.

दुपारी मी खोलीत बसले होते. वीज नव्हती. कॅबिनेट उघडं, टॉवर टेबलावर. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भूकही नव्हती. भाऊ दारात आला. त्या आठवड्यात त्याच्या इंजिनाचं काम निघालं होतं, बोट वर ओढलेली होती, म्हणून तो घरी होता. होळीनंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

"आई सांगत होती, काहीतरी आणायचं विसरलीस."

"विसरले नाही. घेतलं नाही."

त्याने आत येऊन टॉवर उचलला, उलटा करून बघितला. "हे कुठे बसतं?" मी दाखवलं. "आणि धरून कोण ठेवतं?" मी सांगितलं. "किती जोरात धरायचं?"

"सगळीकडून सारखं. एका बाजूला जास्त झालं तर प्रोसेसर फुटेल. कमी झालं तर तापेल."

त्याने बोर्डाला प्रोसेसरभोवती असलेली चार भोकं बोटाने चाचपली. "बोर्ड बाहेर काढता येतो?"

"येतो."

"काढ."

तो घरात गेला आणि जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची बांबूची सुई घेऊन आला. मी म्हणाले, "हे मशीन आहे, जाळं नाही." तो म्हणाला, "तुझ्याकडे दुसरं काय आहे?" माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्याने दोरा पाण्यात बुडवला, मग मी ओरडायच्या आत स्वतःच कोरड्या फडक्याने निपटून काढला. ओला दोरा गाठीत नीट बसतो म्हणे. भोकांतून खालून वर, टॉवरच्या तळपट्टीवरून आडवा, पलीकडच्या भोकातून खाली. चार वेळा. दोन्ही बाजूंना सारखा. गाठी मला कळल्या नाहीत. शेवटी दोऱ्याच्या दोन्ही फेऱ्यांमध्ये त्याने बांबूच्या सुईचे दोन तुकडे घातले आणि हळूहळू पीळ दिला. एक इकडे, एक तिकडे. मग बोटाने दोरा छेडला, दुसरा छेडला. दोन्हींचा आवाज सारखा येईपर्यंत.

"उभं ठेवू नको," तो म्हणाला. "आडवं झोपव. वजन खाली येऊ दे."

मी बोर्ड परत आत बसवून कॅबिनेट आडवं केलं. खिडकीपासून लांब, भिंतीपाशी. टॉवर सरळ उभा राहिला.

"नायलॉन गरमीत ढिला होतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. ओहोटीला दोर बघायला लागतात तसं बघायचं."

शनिवारी सकाळी सातला मी रेंडर लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा ठेवला. चव्वेचाळीस. अठ्ठावन्न. सहासष्ट. अडुसष्टला थांबला. मी खुर्ची सोडली नाही. एक तास झाला, अडुसष्ट. बुधवारी जिथे पडदा काळा झाला होता तो क्षण येऊन गेला. साडेनऊला एकोणसत्तर झाले, मग एकाहत्तर. मी हाक मारली. तो आला, उकिडवा बसला, सुईच्या एका तुकड्याला पाव फेरा दिला, दुसऱ्याला पाव फेरा दिला, दोरे छेडले. चार-पाच मिनिटांत आकडा सत्तर झाला, मग एकोणसत्तर.

तो परत गेला नाही. भिंतीला टेकून बसला. दर तासा-दीड तासाने आकडा चढायचा, मी सांगायचे, तो पीळ द्यायचा. वहिनी दोघांना जेवण इथेच देऊन गेली. भात, आमटी, तळलेला बोंबील. पंख्याच्या आवाजात आम्ही जेवलो. दुपारी पत्रे इतके तापले की मी ओल्या गोणी वर टाकायला सांगितल्या. त्याने शिडी लावून टाकल्या. दोनच्या सुमारास त्र्याहत्तर झाले आणि पाव फेऱ्याने उतरेनात. त्याने थोडा अजून पीळ दिला. बोर्डातून बारीकसा करकर आवाज आला. आम्ही दोघंही हललो नाही. आकडा उतरला.

मी विचारलं, "तू कशाला बसलायस?"

"काम व्हायला पाहिजे ना."

"माझं काम. तुला काय?"

त्याने आधी दोन्ही दोरे छेडून पाहिले. आमच्याकडे खोटं बोलायचं असलं तरच माणसं पटकन बोलतात. मग म्हणाला, "हे काम झालं तर तुला जागा मिळेल. तुला जागा मिळाली तर मला खोली मिळेल. तुला बाहेर काढायला लागणार नाय."

मी आकड्याकडे बघत होते. एकोणसत्तर. मला वाटलं होतं, हे ऐकून काहीतरी होईल. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "बरोबर आहे."

"बाय, रागावलीस?"

"नाही."

"रागावतेस तेव्हा बरं असतं," तो म्हणाला.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी रेंडर संपलं. मी फाइल उघडून सुरुवात, मधलं, शेवट पाहिलं. हळद व्यवस्थित, मंगलाष्टका व्यवस्थित, पाठवणीत आवाज जरा कमी होता तो तसाच ठेवला. भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. नवरीची आई रडत होती त्या जागी तो म्हणाला, "ही खरी रडतेय, बाजूची नाटक करतेय." ते खरं होतं. मी एडिट करताना तेच म्हणाले होते, एकटीच. डीव्हीडी लिहून झाल्या आणि दहा मिनिटांत वस्तीतले दिवे लागले, पंखा मंद झाला.

रविवारी मी बसने तलासरीला गेले, तिथून फोटोग्राफरच्या गाडीवर झरीला. मांडव अजून उभा होता. आंब्याची पानं सुकली होती. टीव्ही स्टुलावर, पुढे सतरंजीवर पन्नासेक माणसं. फिल्म सुरू झाली. आपला चेहरा आला की माणसं ओरडत होती, कोणीतरी कोणाला तरी डुलताना पकडलं म्हणून हसत होतं. नवरा मुलगा मागे खांबाला टेकून उभा होता, एकदाही हसला नाही, पण शेवटपर्यंत हलला नाही. मला पाणी दिलं, मग सरबत, मग जेवायचा आग्रह.

फोटोग्राफर बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मानलं. सीझनचं ठरवून टाकू." मी माझा दर सांगितला. त्याने कमी सांगितला. मी वाढवला. तो चक्रावला.

"अहो, भाव करताना कमी करतात."

"तुम्ही कमी केलात, म्हणून मी वाढवला. अजून करा, अजून वाढवते."

"तुम्ही चिडलात का शांत आहात, चेहऱ्यावरून कळत नाही ताई. भीती वाटते." पण तो माझ्या पहिल्या दराला आला. दोन सीझन. मी ते कागदावर लिहून घेतलं, दोघांच्या सह्या, आणि तो कागद तीनदा वाचला.

घरी आले तेव्हा भाऊ ओटीवर इंजिनाचा एक भाग रॉकेलमध्ये धूत बसला होता. आई त्याच्याजवळ होती.

"मिळालं?"

"मिळालं."

त्याने हात पुसले. खूप वेळ पुसत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "तसं दिवाळीचंच पाहिजे असं काय नाय. होळीपर्यंत राहा पाहिजे तर. आणि पुढची अर्धी जागा ठेवलीस तरी चालेल. जाळी मी मागे टाकीन."

मी भाव करणारी बाई. समोरचा आपणहून उतरतो तेव्हा काय करायचं असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. गप्प राहायचं. तो अजून उतरतो. मग आपलं मागायचं, वर थोडं जास्त मागायचं. मी गप्प राहिले असते तर त्याने खोली दिली असती. कदाचित कागदावरही दिली असती. त्याचा चेहरा तसा होता. आई माझ्याकडे बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून भाव करण्याची वाट बघत.

मी म्हणाले, "गणपतीच्या आधी सोडते."

"अगं, तो देतोय ना," आई म्हणाली.

"गणपतीच्या आधी," मी म्हणाले आणि आत जाऊन चप्पल काढली.

मला त्याच्यावर उपकार करायचे नव्हते. त्याला शिक्षाही करायची नव्हती. मला फक्त त्या वस्तूचा भाव करायचा नव्हता. आजही विचारलं तर इतकंच सांगता येईल.

जुलैच्या शेवटी स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा मिळाला. भावाने टेबल आणि खुर्ची टेम्पोतून आणून दिली, वर चढवली, घाम पुसला. खिडकी कुठे आहे ते बघितलं, बोळाकडे होती. "इथे मीठ येणार नाय," तो म्हणाला. मग खाली गेला. मी मशीन लावलं, टॉवर आता वापीहून आलेल्या पट्टीवर होता, रेंडर सुरू केलं आणि आकडा बघत बसले. बाहत्तर. समुद्रापेक्षा इथे चार अंश जास्त होते. मी सेटिंगमध्ये जाऊन वेग थोडा खाली आणला. इथे संध्याकाळी व्होल्टेज पडत नव्हतं, अकराच्या जागी बारा-तेरा तास लागले तरी चालणार होतं. आकडा पासष्टवर आला. पहिलं गिऱ्हाईक साडेदहाला आलं, बारशाची फिल्म होती. त्याने दर विचारला, मी सांगितला, तो म्हणाला, जास्त वाटतो. मी म्हणाले, "मग घरी करा." तो बसला.